पुण्यातला वसंत आणि नवी रोपे

पुण्यात घरच्या बागेसाठी नवी झुडपे आणि सुगंधी रोपे विकत घेण्याची लगबग जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही बाग सांभाळते. प्रदर्शनाच्या आवारात नर्सऱ्यांचे स्टॉल लागतात आणि फुले पाहायला आलेले पुष्कळ जण परतताना एखादे तरी रोप हातात घेऊन निघतात. पुढचे दोन महिने हडपसरपासून मांजरी, लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्यालगतच्या नर्सऱ्या गजबजलेल्या असतात.

या खरेदीत एक अडचण दडलेली आहे. वसंत हा लागवडीचा ऋतू, ही समजूत मुख्यतः थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांतून आली. तिकडे वसंतात बर्फ वितळते, जमीन ऊब धरते आणि पुढे बराच काळ सौम्य ऊन मिळते. मुळे पसरायला झाडाला निवांत वेळ असतो. पुण्यात वसंतापाठोपाठ वर्षातला सर्वात कठीण काळ येतो. शिवाजीनगरला फेब्रुवारीत दुपारचे सरासरी कमाल तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मार्चमध्ये ते ३५ च्या पुढे जाते, एप्रिलमध्ये ३८ पर्यंत पोहोचते आणि काही दिवस पारा चाळिशी गाठतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या या पठारावर हवा कोरडी असते, त्यामुळे पानांतून पाणी झपाट्याने उडून जाते. जुनी झाडे खोलवरच्या ओलीवर तग धरतात. चार इंच मातीत वाढलेल्या रोपाला ती सोय नसते. म्हणूनच मार्चअखेरीस घरी आलेले टवटवीत झुडूप एप्रिलच्या मध्यावर काडी होऊन उभे राहते आणि पाणी कमी पडले की जास्त झाले, यावर घरात वाद होतो. बहुतेक वेळा खरे कारण एवढेच असते की मुळे रुजण्याआधी ऊन पोहोचले.

हिंदुस्थानात बागकामाचे वेळापत्रक वेगळे मांडावे लागते, हे इथल्या जाणकारांना फार पूर्वीच उमगले होते. गणेशखिंडीतल्या वनस्पती उद्यानाचे काम पाहणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. पुण्यापुरता हिशोब सोपा आहे. संक्रांत ते होळी हा रोपे आणण्याचा चांगला काळ. होळीनंतर पाडव्यापर्यंत फक्त उन्हाची आवड असलेली झाडे आणावीत. पाडव्यानंतर जे आणायचे ते पावसाळ्यापर्यंत सावलीत, शक्यतो आहे त्याच पिशवीत सांभाळायचे, ही तयारी ठेवूनच आणावे.

नर्सरीतल्या रोपाचा प्रवास माहीत असला की पुढची काळजी आपोआप कळते. पुण्यातल्या नर्सऱ्यांत मिळणारी सगळीच रोपे इथली नसतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळचे कडियम हे रोपांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. तिथून ट्रक भरून झुडपे पुण्यात येतात. बंगळुरूकडूनही माल येतो. कडियम गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे, हवा दमट आहे. तिथे वाढलेले रोप पुण्याच्या कोरड्या माघात येते, काही दिवस हिरव्या शेडनेटखाली राहते आणि मग एखाद्या फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत पोहोचते. थोड्या काळात तीन वेगवेगळ्या हवांशी जुळवून घेण्याचा हा ताण असतो. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काही पाने पिवळी पडून गळतात, कळ्या झडतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शेंड्याचा कोंब हिरवा आणि ताठ असेल, तर रोप जगते आहे.

शक्य असेल तेव्हा स्थानिक नर्सरीत तयार झालेले रोप निवडावे. विचारले तर माळी सांगतात. दिसायला ते बहुधा बुटके आणि कमी चकचकीत असते, पण इथल्या उन्हा-थंडीतून गेलेले असते.

निवड करताना फुलांकडे सर्वात शेवटी पाहावे. फुलांनी डवरलेले रोप घेण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि विक्रेतेही तेच पुढे ठेवतात. परंतु बहरात असलेल्या झाडाची शक्ती फुलांत खर्च होत असते, मुळे वाढवायला थोडीच उरते. त्याच जातीचे, बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेले आणि नवी पालवी धरलेले लहान रोप वर्षभरात त्याच्या पुढे जाते. पिशवी उचलून तिचा तळ पाहावा. भोकातून जाड, तपकिरी मुळे बाहेर आली असतील, तर रोप त्या पिशवीत फार काळ राहिले आहे आणि आत मुळांचा गुंता झाला आहे. पिशवी हलक्या हाताने दाबली असता माती भुसभुशीतपणे ढासळत असेल, तर रोप नुकतेच बदललेले आहे. त्यालाही घाईने हलवणे बरे नाही. पानांची मागची बाजू आणि देठांची बेचके तपासणे सर्वात महत्त्वाचे. पांढऱ्या कापसासारखे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. बारीक जाळी आणि फिकट ठिपके असतील तर लाल कोळी. कोवळ्या शेंड्यावर हिरवट-काळे दाटीचे किडे म्हणजे मावा. जास्वंदीबरोबर घरी आलेला पिठ्या ढेकूण उन्हाळ्यात गॅलरीतल्या सगळ्या कुंड्यांवर पसरू शकतो. गुलाब घेताना डोळा भरलेला सांधा शोधावा. त्याच्या खालून निघालेला फुटवा जंगली खुंटाचा असतो, तो वेळीच काढला नाही तर एक-दोन वर्षांत मूळची जात नाहीशी होऊन खुंटच उरतो.

रोपे घरी नेण्याचा भाग क्षुल्लक वाटतो, पण पुण्यात बरीचशी रोपे दुचाकीवरून जातात. उरुळी कांचनहून कोथरूडपर्यंत वारा खात आलेल्या कोवळ्या पानांच्या कडा त्याच दिवशी करपतात. रोपाला ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळावे, पिशवी दोन पायांच्या मध्ये उभी ठेवावी आणि शक्यतो संध्याकाळी निघावे. बंद मोटारीच्या डिकीत उन्हात तासभर ठेवलेले रोप वाऱ्यापेक्षाही लवकर खलास होते.

घरी आलेले रोप त्याच दिवशी कुंडीत लावू नये. पहिले दहा-पंधरा दिवस ते जुन्या कुंड्यांपासून दूर, उजेडाच्या पण सरळ ऊन न येणाऱ्या जागी ठेवावे. या काळात कीड असली तर ती दिसून येते आणि रोप घरच्या हवेला सरावते. मग रोज सकाळचे थोडे ऊन देत जावे. खत या पंधरवड्यात अजिबात देऊ नये. नव्या रोपाला खताने हुशारी येते हा समज पुष्कळ रोपांना भोवतो. दुखावलेल्या मुळांभोवती क्षारांचे प्रमाण वाढले की ती पाणी ओढूच शकत नाहीत.

पुण्याच्या बऱ्याच भागातली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. ती सुपीक आहे, पाणीही चांगले धरते. मात्र ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. कुंडीत ही निव्वळ काळी माती वापरली, तर सुकताना ती काठापासून सुटते आणि पाणी कडेने वाहून तळाच्या भोकातून निघून जाते. वरून पाणी दिल्याचे समाधान मिळते, मुळे मात्र कोरडीच राहतात. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करावे, वर मूठभर निंबोळी पेंड घालावी. गच्चीवर याचा आणखी एक फायदा होतो, तो म्हणजे वजन घटते. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून माती घडवण्याची दिशा श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्राला दाखवली. शहरातल्या आजच्या गच्चीवरच्या बागांचा बराचसा पाया त्या विचारात आहे.

कडियमकडून आलेल्या रोपांच्या मुळाशी बहुधा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच नव्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला, तर मुळे गोळ्याबाहेर पडायला कचरतात आणि पाणीही त्यात शिरत नाही. लावण्याआधी गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा आणि बाहेरची अंगठ्याएवढी जाडीची माती बोटांनी सैल करावी. सगळी माती धुऊन मुळे उघडी करण्याचा उद्योग पावसाळ्यात एकवेळ चालेल, फाल्गुनात नाही. कुंडी मूळ पिशवीपेक्षा दोन-तीन इंचांनीच मोठी असावी. लावणी संध्याकाळी करावी.

जागा ठरवताना सूर्याचा मार्ग लक्षात घ्यावा लागतो, आणि इथे फसगत फार होते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. जानेवारीत दक्षिणेच्या गॅलरीत तिरपे ऊन खोलवर येते, म्हणून तिथे ऊनप्रिय झाड ठेवले जाते. एप्रिलपर्यंत सूर्य वर चढतो, वरच्या मजल्याचा सज्जा ऊन अडवतो आणि झाडाची फुले थांबतात. उलट जानेवारीत गार, सावलीची वाटलेली उत्तरेची गॅलरी मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ ऊन घेऊ लागते. सगळ्यात भरवशाची जागा पूर्वेची. पश्चिमेला दुपारचे ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग असा दुहेरी मारा होतो. तिथे बोगनवेल, कण्हेर, अडेनियम, कोरफड अशीच मंडळी टिकतात. कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत. लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरात ती न आणलेलीच बरी.

झुडपांत पुण्याच्या वसंताचा खरा मानकरी मोगरा. बटमोगरा, मदनबाण, हजारी मोगरा हे सगळे एकाच जातीचे प्रकार आहेत आणि सगळ्यांना ऊन हवे. निदान पाच तास ऊन नसेल तर मोगऱ्याचा वेल होतो, पाने वाढतात आणि कळी धरत नाही. फूल नव्या फुटीवर येते. त्यामुळे जुन्या मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करतात. छाटणीआधी काही दिवस पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करतात. मार्चपासून बहर येतो. नव्या आणलेल्या रोपाला मात्र पहिल्या वर्षी ताणही देऊ नये आणि कठोर छाटणीही करू नये. फक्त शेंडे खुडावेत. पहिल्या बहरातल्या थोड्या कळ्या काढून टाकायला मन धजत नाही, पण त्याने झाड भरते. जुई आणि चमेलीला आधार आणि जागा लागते. कुंद थंडीत फुलतो, म्हणून फेब्रुवारीत तो फुललेला पाहून घेणाऱ्यांना पुढच्या फुलांसाठी बरेच महिने थांबावे लागते.

अनंताची गोष्ट वेगळी. त्याची पांढरी फुले आणि गंध यांसाठी तो दरवर्षी मोठ्या संख्येने विकला जातो आणि तितक्याच संख्येने मरतो. त्याला आम्लधर्मी माती आणि दमट हवा लागते, म्हणून कोकणातल्या अंगणात तो सहज मोठा होतो. पुण्याची काळी माती विम्लधर्मी आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने हा दोष वाढतो. खडकवासल्याचे नळाचे पाणी त्या मानाने मऊ असते. अनंत ठेवायचाच असेल तर कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि पानांचे खत घालून, पूर्वेच्या उन्हात आणि नळाच्या पाण्यावर ठेवावा. पाने पिवळी पडू लागली तर चिलेटेड लोहाची फवारणी करावी. इक्झोराला हीच तक्रार होते, थोड्या कमी प्रमाणात.

जास्वंद, तगर, कुंती, अबोली ही भरवशाची झुडपे. त्यांच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडेच. जास्वंदीला खाणे-पिणे दोन्ही भरपूर लागते. अबोलीला विरळ सावली चालते. कुंती बरीच वर्षे जगते, पण छाटणी विसरली तर झाडच होते.

नर्सरीच्या दर्शनी भागात सहसा न दिसणारी काही झुडपे याच ऋतूत पुण्याभोवतीच्या डोंगरांत फुललेली असतात. सिंहगडाच्या वाटेवर धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर हिंडत असतात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झालेल्या असतात, उन्हाळा चढला की कुसराला बहर येतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’मध्ये या प्रदेशातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद केली. घरच्या बागेत या झुडपांना जागा मिळायला हवी. पुण्याचा उन्हाळा त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे, कमी पाण्यावर ती तगतात आणि फुलपाखरे, पक्षी यांना खाणे देतात. देशी झाडांची रोपे करणाऱ्या नर्सऱ्यांत ती मिळतात. वेताळ टेकडीवरून किंवा तळजाईवरून उपटून आणू नयेत. टेकडीचे नुकसान होते ते होतेच, शिवाय खडकात खोल गेलेले सोटमूळ तुटलेले झाड वसंतात जगत नाही. शोभेचे म्हणून परदेशातून आणलेल्या घाणेरीने देशभरच्या डोंगरांवर कसा कब्जा केला, हे पाहिले की कुंपणाला काय लावतो आहोत याचा विचार करावासा वाटतो.

सुगंधी आणि औषधी रोपांत ऋतूचा भेद आणखी काटेकोर आहे. दवणा चैत्रात देवाला वाहतात, कोल्हापूरजवळच्या जोतिबाला चैत्र यात्रेत तो मोठ्या प्रमाणावर जातो. म्हणून पाडव्याच्या सुमारास त्याचे रोप घरी आणावेसे वाटते. परंतु दवणा हे थंडीचे, एका हंगामाचे पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेला दवणा तोवर फुलावर येऊन आयुष्याच्या अखेरीला आलेला असतो. त्याचा सुगंध घ्यावा आणि घरी वाढवायचा असेल तर दिवाळीनंतर बी पेरावे. कोथिंबीर, शेपू आणि पार्सली यांचेही असेच. मार्चच्या उन्हात कोथिंबीर पाने सोडून लगेच फुलावर जाते, सावलीत थोडी लांबवता येते इतकेच.

वसंतात आणायची ती उन्हाळी रोपे. तुळस, सबजा, पुदिना, गवती चहा, पानओवा. यांतली बरीच विकत घ्यावी लागत नाहीत. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाडसर काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे धरतात. पानओव्याची फांदी शेजाऱ्याकडून आणून खोचली की लागते. गवती चहाचा एक सड मूळ धरून वेगळा केला की पुरतो. पुदिना पसरट कुंडीत एकटाच ठेवावा, कारण त्याचे धावते खोड शेजारच्या रोपाला जागा ठेवत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या तर झाड फुटवे धरते. सबजाही तसाच. मरव्याला सकाळचे ऊन आणि निचरा लागतो, आणि त्याला धोका उन्हाळ्यापेक्षा पावसाचा अधिक.

रोझमेरी आणि लॅव्हेंडर यांनाही हेच लागू पडते. ही भूमध्य समुद्राकाठची झुडपे. त्यांच्या मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. पुण्याचा एप्रिल ती दुपारच्या सावलीत सोसतात, पण जून ते सप्टेंबरचा ओलावा त्यांची मुळे कुजवतो. मिश्रणात निम्मी जाड वाळू किंवा परलाइट घालून पावसाळ्यात छपराखाली ठेवण्याची सोय असेल तरच ती घ्यावीत.

ब्राह्मी मागितली की दोन वेगळ्या वनस्पतींपैकी कोणतीही हाती पडते. एकीची पाने लहान, मांसल, लांबट. दुसरीची गोल, दातेरी, जमिनीवर पसरणारी. दुसरी मंडूकपर्णी. दोघींना ओल लागते आणि दोघी अर्धसावलीत खूश असतात. औषध म्हणून वापरायचे असेल तर ओळख जाणकाराकडून पटवूनच घ्यावी.

कढीपत्ता हे या यादीतले सर्वात दीर्घायुषी झाड, आणि त्याला कुंडी मोठी हवी. त्याचे बी लवकर निर्जीव होते, म्हणून रोप किंवा मुळावरचा फुटवाच आणतात. थंडीत मंदावलेले झाड फेब्रुवारीअखेर नवी पालवी धरते, तेव्हा शेंडा खुडला तर डेरेदार होते. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे बारके किडे आढळले तर त्या बहुधा बहुरूपी किंवा लिंबाळी या फुलपाखरांच्या अळ्या असतात. मोठे झाड त्यांचे खाणे सहज सोसते. चार पानांच्या रोपावर असतील तर उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर सोडाव्यात, औषध मारू नये.

एप्रिल-मे हा नव्या रोपांच्या परीक्षेचा काळ, आणि धरणांचा साठा घटला की शहरात पाणीकपातीची चर्चा याच दिवसांत सुरू होते. अशा वेळी आच्छादनाइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. सुदैवाने शहरातली बरीच झाडे जानेवारी ते मार्च या काळात पाने गाळतात, म्हणजे गरजेच्या आधीच आच्छादन फुकट उपलब्ध होते. ही पाने जाळू नयेत, बागांना द्यावीत म्हणून पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारखे उपक्रम चालतात. कुंडीत दोन इंच जाडीचा पानांचा थर दिला, बुंध्यापासून बोटभर अंतर सोडले, की माती गार राहते आणि पाणी बरेच पुरते. पाणी सकाळी लवकर, तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे. पुढचे पाणी मातीत बोटाची दोन पेरे खुपसून, ओल तपासून मगच. दुपारी पाने मान टाकतात ते उष्णतेमुळे. संध्याकाळी ती ताठ झाली तर पाण्याची गरज नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते, ते अनंत, इक्झोरा आणि लहान रोपांना देऊ नये. कुंड्या एकमेकींजवळ, मोठ्यांच्या आड लहान अशा मांडल्या की त्यांच्याभोवतीची हवा थोडी दमट राहते.

ज्यांच्याकडे अंगण किंवा सोसायटीच्या आवारातली जमीन आहे, त्यांनी वसंतात आणलेली झुडपे जमिनीत लावण्याची घाई करू नये. मे महिन्यात दीड-दोन फुटांचे खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत. मुरूम लागला तर बाजूला काढून त्या जागी चांगली माती आणि शेणखत भरावे. वळवाच्या एखाद्या सरीनंतर जमीन ओली दिसते, पण ती ओल वरवरची असते. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की झुडूप खड्ड्यात उतरवावे, माती दाबून काठीचा आधार द्यावा आणि पाणी साचू नये म्हणून बुंध्याशी थोडा उंचवटा ठेवावा. पुढचे चार महिने मुळे पसरायला मिळतात. असे झुडूप पुढच्या माघात पहिल्या छाटणीजोगे होते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला रोज पाणी द्यावे लागत नाही.